आघात : नाही

आवाज पहिल्यांदा शिवडीच्या उतारावर आला.
सुपारी अडकित्त्यात अर्धी धरून
सोडून द्यावी, तसा.
उजवा पाय खाली गेला की एकदा.

पेडलं बदलली. ग्रीस भरलं. सीटचा खांब काढून पुसला.
विशाखा म्हणाली, "माझ्या गुडघ्याचं कधी इतकं ऐकलंस का?"

माहीमला इनास परेराने सायकल उलटी टांगली,
खिशातून जुना रुपया काढला
आणि नळीवर ठोकत गेला, डॉक्टरने पोट ठोकावं तसा.
टण, टण, टण, टण,
आणि तळाच्या सांध्यापाशी, चार बोटं जागेत,
ठप.
"इथं थर सुटलाय. आता टांग मारू नको हिच्यावर."
रंगावर केसाएवढी रेघ.
नखाने खरवडली. गेली नाही.

एक लाख चाळीस हजार. पतपेढीचं कर्ज,
अजून तीन हप्ते बाकी.

मी परळला एक्स-रे काढतो, सव्वीस वर्षं.
केसाएवढ्या रेघा हाच माझा धंदा.
म्हणून एका रात्रपाळीला, साडेतीनच्या सुमारास,
फ्रेम चादरीत गुंडाळून आत नेली.
भिवाजी वॉर्डबॉय म्हणाला, "पेशंट कुठाय?"
म्हटलं, हाच.
पडद्यावर आलं ते असं:
सहा स्क्रू, दोन तारा, बेअरिंगची एक बांगडी,
पांढरीशुभ्र, अधांतरी.
फ्रेम नव्हतीच.
मग आठवलं, आमच्या टेबलाचा तक्तासुद्धा कार्बनचाच,
किरणांच्या आड येऊ नये म्हणून.
इतकी माणसं मी त्याच्यावर निजवली,
तो एकाही फिल्मवर आला नाही.

राहिला वॉरंटीचा अर्ज.
बिल, नऊ फोटो, तळाशी कोरलेला नंबर
(आरसा धरून वाचावा लागतो),
आणि चौथ्या पानावर: सायकल पडली होती का? आघात?

वडाळा डेपोसमोर, दोन वर्षांपूर्वी,
रस्त्यावर डिझेल सांडलेलं.
डाव्या कुशीवर पडलो. कोपर सोलटलं,
हँडलची पट्टी फाटली, एवढंच.
भेग तर उजवीकडे. तरी
मी 'नाही'वर खूण केली.

रोज मी विचारतो, "मार कसा लागला?"
काही बायका म्हणतात, "लागला नाही, असंच दुखतंय."
मी म्हणतो, हात सरळ ठेवा, हलू नका,
आणि बटण दाबतो.

सात आठवड्यांनी उत्तर: मंजूर.
मात्र नवी पाठवण्याआधी जुनी कापा,
नंबर दिसेल असा फोटो पाठवा,
पुन्हा कुणी तिच्यावर बसायला नको.

इनासने करवत दिली, हात लावला नाही.
"मी जोडणारा माणूस. तुझी तू काप."
दुकानामागच्या बोळात, तोंडाला मास्क,
नळीवर ओलं फडकं, वीस मिनिटं.
मनगटापर्यंत काळी पूड,
दोन दिवस खाजत होती.

आणि आत, भेगेच्या बरोबर मागे,
एका थराला चुणी.
घाईत नेसताना एक निरी उलटी खोचली जावी
आणि दिवसभर कुणाला कळू नये, तशी.
वरचे सगळे थर नीट, गुळगुळीत. त्यावर रंग,
त्यावर वार्निश, त्यावर कंपनीचं नाव.
मी विकत घेतली तेव्हाही होती ती तिथं.
वडाळ्याच्या कितीतरी आधी.

म्हणजे माझं खोटं
कुणाच्याच उपयोगी पडलं नव्हतं.
कळवावंसं वाटलं. कुठल्या रकान्यात लिहिणार?

नवी फ्रेम आली. लाल संपली होती, राखाडी आली.
इनास चाकं चढवायला वाकला
तेव्हा मी तोच रुपया मागितला.
"अरे, अजून दुकानाबाहेर गेली नाही ती."
मी ठोकत गेलो. टण. टण. टण.
तळाच्या सांध्यापाशी थांबलो,
नाणं बोटांत तसंच.

"ठोक की," इनास म्हणाला.