पावती नसलेले तीन माठ

टांडापेठेच्या मागे, जिथे हातमागाचा खटका
आता एकाच घरातून येतो,
तिथे शाळा. दोन खोल्या, एक कडुनिंब,
पट एकोणतीस.
सिव्हिल लाइन्समधून मी आलो
डिकीत बावीस कलमांचा तक्ता घेऊन.
बाराशे पोरांच्या शाळेलाही हाच लागतो.
सदरा एकच, अंग कोणतंही असो.

हेडाऊ बाईंनी कॅशबुक पुढे केलं.
रेघा लाल, फूटपट्टीने मारलेल्या,
आकडे प्रार्थनेला उभे राहिल्यासारखे,
एकामागे एक, हातभर अंतर ठेवून.
खोडलेलं काहीच नाही.
खरं सांगतो, मला जरा वाईटच वाटलं.
चूक सापडली की आमचं काम लवकर आटोपतं.

सादिल खर्च: खडू, झाडू, कुलूप, पंख्याचा कंडेन्सर.
मग अठरा मार्च. माठ, नग तीन,
रुपये चारशे वीस.
मी आकड्याला हसलो. बाई नाही हसल्या.

‘पावती?’
‘पारडीचा कुंभार थो, सायकलवर माठ आणते.
पावती मागतली तं म्हणे, टिचकी मारून पाहा बाई,
आवाज पक्का असन तं घ्या.’

तक्त्यात टिचकीला रकाना नाही.
वर्षाचं सादिल पाच हजार, त्यात हे चारशे वीस,
आठ पूर्णांक चार टक्के विनापुरावा.
मोठ्या शाळेत एवढी रक्कम
दशांशचिन्हाच्या मागे बसून वर्ष काढते,
कोणी नाव विचारत नाही.
इथे ती पहिल्या बाकावर.

‘दरडोई खर्च का वाढला?’
‘दिवाळीनंतर चार पोट्टे कन्हानकडे गेले, विटभट्टीवर,
मायबापासंग.
खर्च थोच आहे साहेब. पोट्टे कमी झाले.’
मी कॅल्क्युलेटर काढला.
तेहतीसचे एकोणतीस.
भाजक लहान झाला, भागाकार मोठा.
कलम चौदा: वजा तीन.

‘आणि हा निधी अखर्चित?’
‘एकतीस मार्चले चार वाजता जमा झाला,
सहाले पोर्टल बंद.
दोन घंट्यात काय घेणार होती मी?
तुमीच सांगा ना.’
मी सांगितलं नाही. कलम सतरा: वजा पाच.

खिचडीचं पातेलं घासता घासता फुलवंताबाई उठल्या,
हात पदराला पुसले,
आणि न विचारता एक गिलास आणून ठेवला.
बाहेर बेचाळीस. पाण्याला वाळ्याचा वास.
मी प्यालो. अजून एक मागितला.

घरी येऊन रात्री पोर्टल उघडलं.
शेऱ्यासाठी पन्नास अक्षरं.
लिहिलं: माठ प्रत्यक्ष पाहिले. पाणी थंड आहे.
पोर्टलने घेतलं, बेरजेत धरलं नाही.
श्रेणी क.

नियम असा की श्रेणी दर्शनी भिंतीवर रंगवावी,
अक्षर किमान एक फूट.
बाईंचा फोन आला, आवाजात तक्रार नव्हती,
फक्त शंका:
‘रंगाचा खर्च कोणत्या शीर्षात दाखवू?’
मी वरिष्ठांना विचारून सांगतो म्हणालो.
अजून विचारलेलं नाही.

जुलैत अनुपालनासाठी पुन्हा गेलो.
भिंतीवर क, निळा, गोल, वळणदार,
साऱ्या पेठेत इतकं सुंदर अक्षर नसेल.
पहिलीची रुनझुन निनावे टाचा उंचावून
त्यावर बोट फिरवत होती,
काना खालपर्यंत, मग डावीकडचा फुगा,
मग उजवीकडची शेपटी.

‘क कशाचा गं?’ बाईंनी विचारलं.
तक्त्यावर कमळ होतं, गुलाबी, ठळक.
पोरीने तिकडे पाहिलंच नाही.
कोपऱ्यात तिवईवर ओले, काळे तीन जण बसले होते,
त्यांच्याकडे हनुवटी करून म्हणाली,
‘कुंभाराचा.’

बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही.
खडू ठेवला, हात झटकले.
खडू: खोके एक.
पावती क्रमांक तीनशे सात, फाईलला लावली आहे.