निवेदन, मागच्या कोऱ्या बाजूला

न्यायाधीशबाई, तुम्ही म्हणालात
फाइल अजून नव्वद दिवस उघडी आहे,
काही जोडायचं असेल तर जोडा.
म्हणून हे.

मी डॉक्टर नाही. अ‍ॅश्टबुलाच्या शाळेत
एकतीस वर्षं मुलांना जेवण वाढलं.
फॉर्मवर छापलंय: साक्षीदाराने स्वतः पाहिलेलंच लिहावं.
तेवढंच लिहिते.

सुनावणीला आम्ही तुम्हाला छातीपासून वर दिसलो.
रॉलंडने टाय लावला होता.
टेबलाखाली बूट काढून ठेवलेले,
डावा पाय उजव्यावर, मग उजवा डाव्यावर,
तासभर ते पाळीपाळीने एकमेकांना उचलून घेत होते.
कॅमेरा तिथवर पोचत नाही.
ज्यांच्यासाठी एवढं सगळं, तेच दोघे गैरहजर.

तुमच्या कागदांत चौऱ्याऐंशी सालची एक ओळ आहे,
भरतीच्या दिवसाची:
तळपाय सपाट. सौम्य. त्रास नाही.
तिच्यावर बोट ठेवून तीनदा नाही म्हणालात,
दुखणं घरून आणलेलं, सैन्याने दिलेलं नाही.
खरंय, सपाट होते.
त्याच्या आईचेही होते,
ओल्या फरशीवर तिचं अख्खं पाऊल उमटायचं.
पण बाई, तेव्हा ते पाय तुम्हाला चालले ना?
पाठीवर तीस किलो लादून
बव्हेरियाच्या बर्फात चालले,
वर मशिनगन दिलीत, तरी चालले,
चार वर्षं.
आता चालत नाहीत.
त्यालाही, तुम्हालाही.

तपासणीला क्लीव्हलंडला बोलावलं.
डॉक्टरने विचारलं, कसं काय?
रॉलंड म्हणाला, चालतंय.
तो सगळ्यालाच हे म्हणतो.
गॅरेज जळालं त्या रात्रीही म्हणाला होता.
डॉक्टरने लिहून घेतलं: चालतो.
तपासणी अकरा मिनिटं.
पार्किंगपासून दारापर्यंत आम्हाला चौदा लागली होती.

अन्सेल्मोची साक्ष जोडणार होतो.
कूच करताना तो रॉलंडच्या लगेच मागे असायचा,
मोजे रक्ताने बुटाला चिकटलेले
त्याने सोडवले होते, थर्मासमधलं कोमट पाणी ओतून.
न्यू मेक्सिकोला फोन लावला, मुलीने उचलला.
मार्चमध्ये गेला म्हणाली.
हे मी पाहिलेलं नाही, खोडायचं तर खोडा.

पाहिलेलं असं:
सकाळी पहिलं पाऊल टाकण्याआधी तो श्वास धरतो.
सदतीस वर्षं मी अंथरुणातून तो श्वास ऐकते आहे.
ऐकलेलं चालेल का, कळवावे.

मरीटाच्या लग्नात बापलेकीचं एक गाणं
तो पूर्ण नाचला.
मग दिसेना.
गाडीत सापडला, काचा धुरकटलेल्या,
नवे बूट मांडीवर, आजारी मांजर घ्यावं तसे.
आत जा, केक कापतील, म्हणाला.
मी गेले.
मी गेले, हे मला लिहायचं नव्हतं.

पैसे नकोत असं नाही. छप्पर गळतंय.
दहा टक्के द्या, तीस द्या,
दुखण्याचे टक्के कसे काढतात मला ठाऊक नाही.
त्याला मात्र 'तिथे झालं'
एवढं कुणीतरी लिहिलेलं हवंय.

तळघरातली भट्टी पुन्हा विझली आहे.
तो खाली निघालाय,
उलटा, शिडी उतरावी तसा, पाठ अंधाराकडे.
तेरा पायऱ्या आहेत. मी इथून मोजते.
सात. आठ.
नववीवर तो थांबतोच.

वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे.
सही, तारीख.

दहा.