पूर्ण पडदा

परभणीला मिटिंग अकराला. मी साडेनऊलाच हॉलात.
वायर जोडली. भिंतीवर आधी नुसतं निळं आलं,
मग माझ्या लॅपटॉपचा उघडा संसार:
सात टॅब, सेलूच्या गाड्यांचं वेळापत्रक,
अर्धवट भरलेला भरतीचा फॉर्म,
आणि कोपऱ्यात, हिरव्या गोलात, एक 'द'.
द म्हणजे दस्तगीर. कंत्राटी, अकरा महिन्यांचा.
भिंतीवर तो गोल भाकरीएवढा झाला होता.

साहेब आले. म्हणाले, हे सगळं झाक रे आधी.

झाकायला एकच बटण लागतं.
दाबलं की कडा जातात, घड्याळ जातं, बॅटरी जाते,
भाकर जाते,
उरते पहिली स्लाइड:
'बारव पुनरुज्जीवन – एक यशोगाथा',
खाली साहेबांचं नाव, पदासकट, दोन ओळींत.
दोन ओळी बसाव्यात म्हणून रात्री एकला मीच अक्षर बारीक केलं होतं.

साहेब बोलू लागले. 'पुढं' म्हणायची गरज पडत नाही,
त्यांच्या श्वासावर मी स्लाइड सरकवतो.
आधी: बाभळी, गाळ, बाटल्या,
एक मेलेलं कुत्रं, जे मी कापलं.
नंतर: मोकळ्या पायऱ्या, कोनाड्यात गणपती,
तळाला हातभर पाणी, त्यात आभाळ.
बाराव्या स्लाइडला टाळ्या.

तेरावीवर तिरपी रेघ आहे. वगळलेली.
तिच्यात गयाबाई, डोक्यावर टोपलं,
लुगडं कमरेपर्यंत चिखलाचं, मागं जावा-नणंदा.
डोळे मिटलेत हिचे, साहेब म्हणाले होते, उडवून टाक.
मी उडवली नाही. नुसती लपवली.
पूर्ण पडद्यात बारानंतर चौदा येते,
आणि पायरी चुकल्यासारखं कुणालाच वाटत नाही.

मग साहेब खर्चाचा आकडा दाखवायला वाकले,
बोट पडलं भलत्याच बटणावर.

सगळं परत आलं. टॅब, घड्याळ, भाकर,
आणि डाव्या पट्टीत, पोस्टकार्डाएवढी,
अख्ख्या जिल्ह्यासमोर डोळे मिटून उभी गयाबाई.
मॅडमनी चष्मा वर सरकवला. निदान मला तसं वाटलं.

माझं काम एका सेकंदाचं.
बोट बटणावरच होतं.
मी सातपर्यंत मोजलं.

नेट जरा असंच आहे आपलं, साहेब म्हणाले. सगळे हसले.

संध्याकाळी सेलूच्या गाडीत, दाराशी उभ्यानं,
मोबाइल आडवा धरला, तेरावी उघडली, पूर्ण पडदा.
या काठापासून त्या काठापर्यंत गयाबाई.
डोळे लाजून मिटलेले नव्हते. ऊन होतं तोंडावर.
उन्हाकडं बघा मावशी, असं मीच म्हनलो होतो.
आणि तिच्या पायाशी, पायऱ्यांवर तीनदा मोडलेली
एक लांब सावली, कोपरं फाकवून
दोन्ही हातांत काहीतरी धरून उभी.

मानवत रोडच्या अलीकडं फोन बंद पडला.
किती उरलीय ते पूर्ण पडद्यात दिसत नाही.