निवळंस्तवर

आण्णांनी बत्तीस वर्षं कोइमतूरच्या एका बोळात
सराफांच्या दुकानांतला केर विकत घेतला.
केर म्हणजे केर. पायपुसणी, झाडूचे फड,
कारागिरांनी हात पुसलेली फडकी.
जाळायचा, कुटायचा, परातीत धुवायचा, तेजाबात घालायचा.
तळाशी उरायचं त्यावर विट्याचं घर उभं राहिलं,
माझं डीएमएलटीसुद्धा.

आता रात्रीचा दीड.
ते आमच्याच दवाखान्यात, तीन नंबरच्या कॉटवर,
घामेजलेले, "पित्त झालंय नुसतं" म्हणत.
ईसीजी धड हो म्हणत नाही, धड नाही म्हणत नाही.
आतल्या खोलीत मी, त्यांच्या रक्ताचा थेंब घेऊन.

पट्टीच्या टोकाला सोन्याचा ठिपका, मसुराएवढा.
त्यावर आधीच बसवलेली प्रतिपिंडं
एकाच प्रथिनाची वाट बघतात,
जे दुखावलेलं हृदयच तेवढं सांडतं.
ते सापडलं की दुसरं प्रतिपिंड वरून बिलगतं,
पाठीवर एन्झाइम घेऊन.
मग धुवायचं. बिलगलं नाही ते वाहून जाऊ दे.
मग एन्झाइमला खाद्य. ते तोडत बसतं,
आणि तुटलेला एकेक कण
सोन्याच्या हातावर दोन इलेक्ट्रॉन ठेवून जातो.

जुनं मशीन रंग बघायचं,
रक्त लालसर उतरलं की फसायचं.
हे रंग बघत नाही. वीज मोजतं,
तीही नॅनोअँपिअरमध्ये.

पहिला आकडा कुंपणावरचा.
डॉक्टर मुल्ला म्हणाले, तीन तासांनी परत लावा.

मुदत संपलेली एक पट्टी आण्णांच्या हातात दिली,
तेवढाच विरंगुळा.
ट्यूबलाइटखाली तिरकी धरली, नखानं खरवडली.
"मुलामा हाय. वापरून टाकता व्हय ह्या?
साठवा की, उजे. पोतंभर झालं की सांग."
नाकात ऑक्सिजनची नळी, आणि माणूस भाव काढतोय.

मग विचारलं, आजवर कधी विचारलं नव्हतं ते:
केर किती वेळा धुवायचा, आण्णा?
"मोजायचं न्हाई. पाणी निवळंस्तवर."

साडेचार. दुसरा थेंब.
पुस्तिका म्हणते तीन वेळा. तीनदा धुतलं.
चौथ्यांदा हात गेला,
मागं घेतला.

पडद्यावर रेघ चढू लागली.
चढते सगळ्यांचीच, धडधाकट माणसाचीही थोडी.
कुठं थांबते ते बघायचं.

पडद्यापलीकडून आवाज आला, झोपेतला की जागा, कळेना:
"उरलं का गं काय, तळाला?"