नोंद

स्पॉल्डिंगच्या बाहेर, कालव्याकाठच्या रस्त्यावर,
डॅफोडिलच्या जुड्या बांधायची रात्रपाळी संपवून
सायकलवरून येताना मला ते दिसलं.
आधी वाटलं, कुणाचा तरी पडलेला हातमोजा.

गव्हाणी घुबड.
गार पडलं होतं, पण मऊ,
इतकं, की हात लागलाय हे बोटांना कळेना.
मी ते डब्याच्या पिशवीत घातलं
आणि घरी आल्यावर फ्रीजरमध्ये,
खोवलेल्या नारळाच्या पाकिटावर.

निरंजन म्हणाला, घुबड? घरात?
आणि तेही कायद्यानं राखलेलं?
त्याला नक्की कशाची धास्ती होती,
अपशकुनाची की दंडाची, ते काही बोलला नाही.
दोन दिवस मटार काढायलासुद्धा
त्यानं फ्रीजर उघडला नाही.

पोलिसांत वन्यजीवांचं बघणारी बाई रजेवर होती.
तिसऱ्या दिवशी तिचाच फोन आला.
ठेवू शकता, म्हणाली. विकायचं नाही.
मात्र तुम्ही मारलं नाही
हे आम्ही नाही, तुम्ही दाखवायचं.
कुठे, कधी, कसं सापडलं, लिहून ठेवा.

मी विचारलं, न केलेल्या गोष्टीचा
पुरावा कसा देतात?
ती हसली.
बहुतेक लोक तारीख घालतात, म्हणाली.

म्हणून लिहिलं:
सात फेब्रुवारी, पहाटे पाच चाळीस,
पंपघराच्या अलीकडचा तिसरा खांब,
डावा पंख मोडलेला.
मी मारलेलं नाही.
शेवटची ओळ हात मराठीतच लिहून गेला.
तशीच राहू दिली, खाली इंग्रजीत पुन्हा लिहिली.

सांगोल्याला आमच्या शाळेसमोर
पंक्चर काढणारा शिदू सांगायचा,
घुबडाला दगड मारू नये.
ते तो वरच्यावर झेलतं,
ओढ्यावर नेऊन उगाळत बसतं,
आणि दगड झिजेल तसा
मारणारा झिजत जातो.
आम्ही हसायचो, पण दगड खाली टाकायचो.

माझ्या हातात दगड कुठे होता?

होलबीचच्या मॉरिस गॉसलोंनी ते भरून दिलं.
म्हातारा माणूस, गॅरेजमध्ये काम करतो.
कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते म्हणाला,
श्वास रोखून सोलावी लागते.
पिसं बाजूला सारून त्यानं मला कान दाखवले:
एक वर, एक खाली.
गवताखालचा उंदीर नेमका कुठे आहे
ते त्या फरकावरून कळतं म्हणे.
यकृत प्रयोगशाळेला पाठवू का, त्यानं विचारलं.
पाठवा की, मी म्हटलं, मला त्याचं काय करायचंय?

एप्रिलमध्ये पत्र आलं.
मृत्यूचं कारण: वाहनाची धडक.
त्याखाली आणखी एक ओळ,
यकृतात उंदरांच्या विषाचा अंश,
आणि त्या विषाचं लांबलचक नाव.

ते नाव मी वाचलेलं होतं.
शेडमध्ये जाऊन डबा फिरवून बघितला.
नोव्हेंबरात फळ्यांखाली निळे दाणे
मीच टाकले होते, चहाच्या चमच्यानं.
उंदीर कमी झाले, पण मेलेला एकही सापडला नाही.
मला तेव्हा बरंच वाटलं होतं,
उचलायला नको म्हणून.

निरंजन म्हणतो, इथे घरोघरी तेच टाकतात,
शेतांवर तर पोत्यांनी.
खरं आहे.
पत्रात माझं नाव नाही, कुणाचंच नाही.

घुबड आता जिन्याच्या वळणावर आहे.
डोळे काचेचे. बाकी सगळं त्याचं.
बैठकीखाली घडी घालून ठेवलेला कागद
काल बाहेर काढला.
‘मी मारलेलं नाही’ खोडलं नाही.
त्याच्या आधी, जागा नव्हती तरी,
बारीक अक्षरांत घुसवलं:
माझ्या माहितीप्रमाणे.

शेडमध्ये पुन्हा खसफस सुरू झालीय.
निरंजन दोनदा म्हणाला, काहीतरी कर.
मी डब्याचं झाकण घट्ट लावून ठेवलंय
आणि तो टाकायचा कुठे,
हे विचारायला नगरपालिकेला फोन लावलाय.
त्यांनी थांबायला सांगितलंय.