विम्याची यादी

किल्ली धान्याच्या कोठारावर मिळेल, असं पत्रात होतं.
कोठारावरचा पोरगा म्हणाला, किल्ली लवोनकडे,
आणि आज मंगळवार, म्हणजे लवोनचे केस.
अर्धा तास लागेल.

अर्धा तास मी चौकात, तोफेपाशी.
तोफेच्या तोंडात चिमण्यांनी संसार मांडलाय.
कुठल्या युद्धातली, ते पाटीवरून झिजून गेलंय.
लिहिलं: तोफ, एक. चिमण्या वगळून.

काउंटीत ऐतिहासिक स्थळं तीन:
जुना तुरुंग, एकशिक्षकी शाळा,
आणि रेल्वे स्टेशन, ज्यात आता म्युझियम आहे
कारण रेल्वे नाही.
मी विमा कंपनीचा. मी बदली किंमत काढतो,
म्हणजे उद्या आग लागली, वावटळ आली,
तर तीच वस्तू पुन्हा आणायला किती पडतील.

लवोन हेगस्टॅड, वय सत्त्याऐंशी,
केस इतके ताजे की वाऱ्याकडे पाठ करून चालते.
तुरुंगाचं कुलूप काढत म्हणाली,
इथे फारसं कुणी नसायचं. शनिवारचे दारुडे.
आणि एकदा माझा दीर, दोन रात्री.
कशासाठी?
ते पाटीवर लिहिलेलं नाही, म्हणाली, आणि पुढे झाली.

शाळेत नऊ बाकं, एक शेगडी,
शाईच्या दौतीत मेलेली गांधीलमाशी.
नकाशातले निम्मे देश आता कुठेच नाहीत.
एका बाकावर नाव कोरलेलं.
याने किंमत उतरते, मी म्हणालो.
कोरणाऱ्याला तेव्हाच छडी बसली, ती म्हणाली,
भरपाई झालेली आहे.

स्टेशनात, तिकिटाच्या खिडकीमागे
मुंडकं नसलेल्या चार नवऱ्या, पिवळट सॅटिनमध्ये.
आणि बाणांची दगडी टोकं, तीनशे सहा,
नांगरामागून वेचलेली,
फळीवर सूर्यफुलासारखी चिकटवलेली.
खाली: सापडली, ए. टीडेमन यांना.
ज्यांनी घडवली त्यांच्यासाठी रकाना नव्हता.
माझ्या फॉर्मातही नव्हता.

मग टेलिफोनचा स्विचबोर्ड.
ती त्याच्यासमोर बसली.
हात लावू नये, अशी पाटी तिनेच टाईप केलेली.
न बघता एक दोरी उचलली, भोकात खुपसली.
अकरा नंबर, ब्यॉर्कलुंड. दोन लांब, एक आखूड.
एकसष्ट सालापर्यंत मीच होते इथे.

म्हणजे सगळ्यांचं ऐकायचात?
ऐकू यायचं, ती म्हणाली. ऐकणं वेगळं.

बाहेर मक्यावरून एक विमान फवारत गेलं.
ते जाईपर्यंत ती थांबली.

अकरा नंबरची बाई रात्री रिसीव्हर उचलायची,
दीड, दोन वाजता. विचारायची, किती वाजले?
मी सांगायचे. ती म्हणायची, थँक यू.
एवढंच. नऊ वर्षं.
घरात घड्याळ होतं. सासूचं. टोल वाजायचे,
तिच्या मागे मला इथे ऐकू यायचे.

नंतर त्यांचा लिलाव झाला.
ते बघ, खिडकीशी.

ओकचं घड्याळ, वस्तू क्रमांक दोनशे चौदा.
चालू होतं.
बाकी म्युझियममध्ये काही म्हणजे काही चालत नव्हतं.
मी देते किल्ली, ती म्हणाली, दर रविवारी.
उगाच बंद कशाला ठेवायचं.

मी लिहिलं: भिंतीवरचं घड्याळ, चालू स्थितीत.
पुढचा रकाना मोकळा ठेवला.
ऑफिसात परत गेल्यावर भरू, असं स्वतःला सांगितलं.

निघताना तिने वही पुढे केली.
मी कामासाठी आलोय, मी म्हणालो.
तरी आलायसच की.
माझ्या आधीची नोंद तीन आठवड्यांपूर्वीची,
नावाच्या जागी कुणा पोराने ट्रॅक्टर काढलेला.
नाव लिहिलं, गाव लिहिलं. शेवटचा रकाना: वेळ.
किती वाजले? मी विचारलं.

तीन दहा, ती म्हणाली, घड्याळाकडे न बघता.
थँक यू.

तुझ्या मनगटावर आहे की, लवोन म्हणाली,
आणि दिवे मालवायला आत गेली.