एक नग

दुपारपासून तिनं थुंकीसुद्धा गिळली नव्हती.
ओठाच्या कोपऱ्यातून लाळ,
फ्रॉकच्या गळ्याशी ओला नकाशा.
झोपेतही बडबडणारी माझी बोधी
तोंड अर्धं उघडं ठेवून
माझ्याकडं नुसती बघत राहिली.

मोबाईलचा टॉर्च धरला. म्हटलं, आ कर माय.
आत लाल. मी अशी लाल जागा
कुणाच्याच आत पाहिली नव्हती.
पडजीभ एका अंगाला सरकलेली
आणि गाठींवर पांढरे ठिपके,
ज्वारीच्या कण्या चिकटाव्यात तसे.

शेवंताकाकू आल्या अंगठ्याला हळद लावून.
घाटी पडली, म्हणाल्या, दाबून देते,
साऱ्या गल्लीची लेकरं ह्याच अंगठ्यानं बोलती झालीत.
मी म्हटलं, नको.
त्या पुढं आल्या तशी ओरडले, नको म्हटलं ना!
काकू उंबऱ्यातच थांबल्या, अंगठा तसाच वर.
मग कनवटीची दोनशेची नोट काढून
माझ्या मुठीत कोंबली.
नोटेवर पिवळा ठसा होता.

सहा चाळीसची गाडी, पाथरी डेपोची.
माझ्या गळ्यात आज मशीन नव्हतं, लेकरू होतं.
कंडक्टर नवा पोरगा. विचारलं, वय?
चार, म्हटलं, आणि पुढचं वाक्यही मीच म्हटलं:
पाचच्या खाली तिकीट लागत नाही.
दहा वर्षं हेच वाक्य
मी दुसऱ्यांच्या लेकरांकडं न बघता म्हणत आले.

दैठणा. खिडकीतून तव्यावरचा वारा.
तिचा श्वास घरघरायचा, मी मोजायची,
खड्डा आला की मोजणं चुकायचं,
पुन्हा एकपासून.
पोखर्णीला कुणीतरी टरबूज घेऊन चढलं.
पुढं कधीतरी तिनं माझा हात धरून
स्वतःच्या पायाकडं नेला.

परभणीत डॉक्टर दरक म्हणाले,
आणलंत ते बरं केलं, रात्र काढली नाही.
पू धरायला लागलाय.
आत बोटबिट घातलं नाही ना कुणी?
नाही, म्हटलं,
आणि शेवंताकाकूंची आठवण होऊन
कान गरम झाले.

सलाईनचा थेंब. थेंब. थेंब.
एवढ्याशा मनगटाला पट्टी बांधून पुठ्ठा लावलेला.
शेजारच्या कॉटवरच्या बाईनं अर्धी भाकरी दिली,
ती मलाही गिळवेना.
बोधी पुन्हापुन्हा पायाकडं बोट करायची.
तापानं पाय ठणकत असतील, वाटलं.
रात्रभर पोटऱ्या चेपल्या.
मी चेपू लागले की ती डोळे मिटून घ्यायची,
आणि मी समजायची, बरं वाटतंय.

तिसऱ्या दिवशी पहाटे
तिनं एक चमचा पाणी तोंडात घेतलं,
धरून ठेवलं,
मान ताणली, डोळे घट्ट मिटले
आणि गळ्याचा एवढासा उंचवटा
वर गेला, खाली आला.
मी तिथं बोट ठेवून बघितलं.

मग घासलेल्या, म्हाताऱ्या आवाजात
ती पहिल्यांदा बोलली.
आई, मला वाटलं. किंवा दुखतंय.
ती म्हणाली: चप्पल.
काय?
चप्पल. गाडीत पडली. तवाच सांगलं तुला.

एकच होती खरंच, कॉटखाली,
गुलाबी, पट्ट्यावर फूल.
तीन दिवस ती मला हेच सांगत होती
आणि मी पाय चेपत होते.

डेपोतून डेपोत फोन गेले.
सोमवारी, मी ड्यूटीवर परतले तेव्हा,
कंट्रोलरच्या टेबलावर पिशवी होती.
आत चप्पल, सोबत चिठ्ठी:
प्रति गंगाखेड. लहान मुलीची. एक नग.
खाली सही, वाचता न येणारी.

आता ती दोन्ही चपला घालूनच झोपते.
मी काही म्हणत नाही.
रात्री दिवे गेल्यावर टॉर्च लावते,
ती झोपेतच आ करते.